सूर धरणारा

वैशाखांत उजनीच्या जलाशयाचें पाणी ओसरूं लागतें आणि त्याच सुमारास त्याच्या कांठच्या गांवांतून सनई ऐकूं येऊं लागते. भीमेवरील हें धरण १९८० सालीं पुरें झालें. त्याच्या पोटांत ११७ अब्ज घनफूट पाणी मावतें, आणि तेवढ्या पाण्याला जागा करून देण्यासाठीं सोलापूर व पुणें जिल्ह्यांतील अनेक गांवांना आपलीं घरें सोडावीं लागलीं. पाणी फार खालीं गेलें म्हणजे करमाळा तालुक्यांतील कुगांवचा जुना इनामदारवाडा व पैलतीरीं पळसदेवचें पळसनाथाचें देऊळ उघडें पडतें, आणि शहरांतील मंडळी होड्यांत बसून तें पाहावयास जातात. दगडांचें काय झालें हें असें दर कांहीं वर्षांनीं पाहतां येतें. गांवाबरोबर त्याचा नादही उठून नव्या गांवठाणांत गेला. त्याचें काय झालें हें पाहावयास मात्र कोणी होडी करून जात नाहीं.

हा नाद म्हणजे वाजंत्र्यांचा ताफा. ताफा लहान असतो. एक मुख्य सनईवाला, जमल्यास त्याचा जोडीदार, एक सूर धरणारा, आणि तालाला संबळ किंवा डफडें. फार तर पांचसहा माणसें. युरोपांत ज्याला चेंबर संगीत म्हणतात, म्हणजे मोजक्या वादकांनीं दिवाणखान्यांत बसून करावयाचें वादन, त्याच्या व्याख्येंत हा ताफा संख्येनें तरी सहज बसेल. दिवाणखाना त्याच्या वांट्यास क्वचित् आला, एवढाच फरक. त्याची जागा मांडवाच्या दाराशीं किंवा देवळाच्या नगारखान्यावर. होलार, गुरव, घडशी अशा समाजांनीं ही विद्या पिढ्यान् पिढ्या सांभाळली. आणि ज्यांच्या वाद्यावांचून कार्य शुभ होत नसे, त्या वादकांना पंक्तींत मात्र शेवटीं बसविलें, हेंही येथें सांगितलें पाहिजे.

या ताफ्याला दिग्दर्शक असतो काय? हातांत छडी घेऊन सर्वांसमोर उभा राहणारा नसतो. परंतु थोडा वेळ लक्ष देऊन पाहिलें तर दिग्दर्शन कोठून होतें तें कळून येतें. मुख्य सनईवाल्यानें सनईचें तोंड किंचित् उचललें, भुंवई हालविली, पाय दाबून टाकला, कीं संबळवाला लय बदलतो. त्याची नजर सनईवाल्याच्या बोटांवर नसते, छातीवर असते. फुंकरीच्या वाद्यांत सारा कारभार श्वासाचा. श्वास कोठें भरला हें ज्याला दिसलें, त्याला ओळ कोठें संपणार हें अगोदर समजतें.

पश्चिमेकडेंही आरंभीं असेंच होतें. १७८२ सालीं सम्राट् दुसरा जोसेफ यानें व्हिएन्ना येथें आठ सुषिरवादकांचा एक दरबारी ताफा नेमला: दोन ओबो, दोन क्लॅरिनेट, दोन हॉर्न व दोन बासून. यांतील ओबो हें वाद्य सनईच्या दूरच्या नात्यांतलें. पश्चिम आशियांतील जें दुपाती वाद्य पूर्वेस येऊन आपल्याकडे सनई झालें, त्याच कुळांतील एक शाखा युरोपांत शॉम झाली आणि सतराव्या शतकांत फ्रान्समध्यें तिच्यापासून ओबो घडला. मोझार्टनें अशा ताफ्यांसाठीं पुष्कळ लिहिलें. त्याची तेरा वाद्यांची सेरेनेड प्रसिद्ध आहे. तींतील बारा वाद्यें फुंकरीचीं. त्या काळीं अशा वादनास स्वतंत्र दिग्दर्शक नसे. वादकांपैकींच एकानें इशारा द्यावयाचा. छडीवाला पुढें आला तो वाद्यांची गर्दी वाढल्यावर.

ती गर्दी पुन्हां कमी करण्याचें श्रेय अमेरिकेंतील एका विद्यापीठास जातें. रॉचेस्टर विद्यापीठाच्या ईस्टमन संगीत विद्यालयांत फ्रेडरिक फेनेल हे बँडचे दिग्दर्शक होते. यकृताच्या विकारानें रुग्णालयांत पडून असतांना त्यांनीं एक विचार केला, आणि १९५२ सालीं तो अंमलांत आणून ईस्टमन विंड एन्सेंबल स्थापन केलें. विचार अगदीं साधा होता. एका स्वरपंक्तीला एकच वादक. एकच ओळ दहादहा जणांनीं मिळून वाजवावयाची ही बँडची जुनी रीति. तींत एखाद्यानें मध्येंच श्वास सोडला तरी कोणास कळत नसे. फेनेल यांच्या ताफ्यांत प्रत्येक जण एकटा पडला, आणि म्हणून प्रत्येक जण ऐकूं येऊं लागला. पुढें अमेरिकेंतील अनेक विद्यापीठांनीं ही पद्धति उचलली. उजनीकांठच्या सनईवाल्यास ती कोणी समजावून दिली असती, तर यांत नवीन काय, असेंच त्यानें विचारलें असतें. त्याच्या ताफ्यांत दुसऱ्याच्या आड लपावयास जागाच नसते.

त्यांतही सूर धरणाऱ्याचें काम विलक्षण. त्याची नळी सनईसारखीच दिसते, पण तिच्यावर गत वाजवावयाची नसते. भोकें मेणानें बुजवून स्वर जुळवावयाचा आणि तोच एक षड्ज आरंभापासून शेवटपर्यंत धरून ठेवावयाचा. श्वास घेण्यासाठीं थांबावयाचें नाहीं. गालांत हवा सांठवून ती हळूहळू नळींत सोडावयाची आणि त्याच क्षणीं नाकानें नवा श्वास भरून घ्यावयाचा. हें साधण्यास कित्येक महिने लागतात; कोणी नवशिक्या पेल्यांतील पाण्यांत नळी घालून बुडबुडे न तुटूं देण्याचा सराव करतो. वऱ्हाडी मंडळी सनईवाल्याकडे पाहतात, मुलें संबळाभोंवतीं जमतात. भिंतीशीं गाल फुगवून बसलेल्या या माणसाकडे पाहण्याचें कोणास कारण पडत नाहीं.

आतां त्याची जागा घेणारें यंत्र निघालें आहे. हातभर पेटी, विजेवर चालते, कळ फिरविली कीं हवा तो षड्ज देते, आणि तिला जेवूं घालावें लागत नाहीं. गवयांना तिचा उपयोग होतो यांत शंका नाहीं. सनईची गोष्ट निराळी आहे. सनईच्या तोंडाशीं जी पत्ती असते ती ओठांच्या ओलाव्यावर बोलते. उन्हानें, वाऱ्यानें, वाजविणाऱ्याच्या दमानें तिचा स्वर केंसभर इकडेतिकडे होतो. म्हणून तर सनईला दोऱ्यानें बांधलेल्या दोनचार जादा पत्त्या लोंबत असतात. मनुष्य सूर धरून बसलेला असला म्हणजे सनई किंचित् हालली कीं तोही तिच्याबरोबर हालतो आणि ऐकणाऱ्यास कांहींच कळत नाहीं. पेटी हालत नाहीं. ती बरोबरच असते, आणि त्यामुळें सनई चुकलेली दिसते.

याहूनही मोठी हानि दुसरी आहे. सूर धरणें ही सनईची शाळा होती. घरांतील दहाबारा वर्षांचा मुलगा प्रथम सुरावर बसे. बाप किंवा काका शेजारीं वाजवीत असे, आणि षड्ज सोडतां येत नसल्यामुळें मुलाला ऐकण्यावांचून गत्यंतर नसे. सकाळचा राग कोणता, मुलगी सासरीं निघतांना काय वाजवावें, आरतीच्या वेळीं लय कोठें आवरावी, हें सर्व तो तोंड बंद असतांना शिके. बिस्मिल्ला खां यांच्या मैफलींतही त्यांच्या घरचीच मंडळी मागें बसून साथ करीत. सोलापूर शहरांतील जाधव घराण्याची सुंदरी पाहावी. सुंदरी म्हणजे सनईहून लहान व उंच स्वराचें वाद्य. त्याला हें नांव अक्कलकोटच्या दरबारांत मिळालें असें सांगतात. सिद्धराम जाधव यांनीं ती रागसंगीताच्या मैफलींत नेली, आणि त्यांच्या घराण्यांत ती पुढें चालत राहिली ती एकत्र बसून वाजविण्यामुळेंच. सुरावर बसावयास मुलगा नसेल, तर वीस वर्षांनीं पुढें बसावयास सनईवाला कोठून येणार?

धरणाच्या कांठीं ही अडचण अधिक जाचक झाली. जुन्या गांवांत ताफ्याचें पोट बलुत्यावर चाले. देवळांतील सेवा, सुगीचें धान्य आणि लग्नाचा मान हीं एकमेकांत गुंतलेलीं होतीं. गांव उठलें तेव्हां कुळें निरनिराळ्या वस्त्यांवर पांगलीं. पुढें पाण्यानें कांठावर ऊंस आणला, उंसानें पैसा आणला, आणि पैशानें लग्नाच्या वरातींत ध्वनिवर्धकांच्या भिंती आणल्या. धरणानें वाजंत्री बुडविली असें म्हणणें सोपें असलें तरी पुरें खरें नाहीं. ज्या गांवांना पाण्याचा स्पर्श नाहीं तेथेंही ती मागें पडलीच. पण जेथें देऊळच नव्या जागीं गेलें, तेथें नगारखाना बांधण्याची आठवण कितीजणांस राहिली असेल?

विद्यापीठांच्या युवक महोत्सवांत लोकवाद्यवृंदाची स्पर्धा असते, आणि सोलापूरलाही २००४ पासून स्वतःचें विद्यापीठ आहे. तेथें तरुण मुलें संबळ, हलगी, सनई हौसेनें हातीं घेतात ही चांगली गोष्ट आहे. मात्र अशा स्पर्धेंत थोड्या मिनिटांत पुष्कळ दाखवावयाचें असतें, आणि एक स्वर धरून स्वस्थ बसणाऱ्या विद्यार्थ्याला गुण कशाचे द्यावे हें परीक्षकांनाही कठीण जात असेल. फेनेल यांनीं केलें तसें एखाद्या प्राध्यापकानें पांचच विद्यार्थी घ्यावे, त्यांतील एकाला वर्षभर सुरावर बसवावें, आणि दुसऱ्या वर्षीं त्यालाच पुढें आणावें. खर्च फारसा येणार नाहीं.

तोंवर निर्णय लग्नघरांत होत राहतो. सुपारी देतांना यजमान विचारतो, माणसें किती? पांच, असें सनईवाला सांगतो. पांच कशाला, चारांत भागवा कीं, असें यजमान म्हणतो. सनईवाला क्षणभर गप्प राहतो आणि बरें म्हणतो. कोणाचें नांव गळालें हें यजमान विचारीत नाहीं, आणि सनईवाला सांगत नाहीं.