हनुवटीचे बधिरपण



मी वैद्यक शिकलेलो नाही. वाणिज्य पदवीधर व कापडाचा व्यापारी आहे. तथापि घरात घडले ते सांगणे कर्तव्य समजतो.

माझ्या थोरल्या बंधूंची खालची दाढ दुखू लागली. लासलगावातच ती काढली, तरी जबडा ठणकत राहिला आणि हनुवटी बधिर झाली. दाढी करताना कापले तरी त्यांना कळत नसे. तीन महिने आम्ही दातांचेच औषधपाणी केले. अखेर नाशिकला जबड्याच्या हाडाचा तुकडा व रक्तातील पी.एस.ए. तपासले, तेव्हा मूळ रोग प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग निघाला. रात्री लघवीस चार-चार वेळा उठावे लागे, हे त्यांनी संकोचापोटी वहिनींनाही सांगितले नव्हते. हा संकोच आपल्या पिढीला फार महाग पडतो.

हा रोग बहुधा कणा, कटीची हाडे व फासळ्या यांत पसरतो. कण्याभोवतीच्या शिरांना झडपा नसल्याने त्याला ती वाट मिळते, असे बॅटसन यांनी १९४० साली मांडले. जबडा किंवा हातापायांची बोटे ही ठिकाणे विरळा, म्हणूनच चकवा बसतो. साठीनंतर हनुवटी अकारण बधिर झाल्यास केवळ दंतवैद्यावर विसंबू नये.

पुरुष-संप्रेरक रोखल्यास हा रोग मागे हटतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखविले. १९६६ साली त्यांस नोबेल मिळाले. बंधूंना तीच चिकित्सा लाभली. रोग गेला नाही, ठणका मात्र थांबला. पुढे दोन वर्षे ते गादीवर बसत आणि तागा चाचपून सूत सांगत. हनुवटीची संवेदना परतली नाही.