शंका आणि सिद्धता

(धाराशिव जिल्ह्यातील माध्यमिक शिक्षकांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



नववी-दहावीच्या वर्गात पं. दीनदयाळजींचे चरित्र सांगून झाले, की एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, "गुरुजी, त्यांना कोणी मारले?" या प्रश्नाला आपण काय उत्तर देतो, यावर त्या मुलाची विचारपद्धती घडते.

प्रथम निर्विवाद तेवढे सांगावे. डिसेंबर १९६७ मध्ये कालिकतच्या अधिवेशनात ते जनसंघाचे अध्यक्ष झाले. लखनौहून पाटण्यास निघालेले असताना ११ फेब्रुवारी १९६८ च्या पहाटे मोगलसराय स्थानकाजवळ, रुळांलगत त्यांचा देह आढळला. तपास केंद्रीय अन्वेषण विभागाने केला. १९६९ मध्ये न्यायालयाने दोघा आरोपींना खुनाच्या आरोपातून मुक्त केले. एकास चोरीबद्दल शिक्षा झाली. त्यानंतर नेमलेल्या आयोगाचे काम मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. यशवंतराव चंद्रचूड यांनी पाहिले. हत्या चोरट्यांकडून झाली, तिच्यामागे राजकीय हेतू दिसत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

येथे मुले गोंधळतात. न्यायालय आरोपींना सोडते आणि आयोग चोरट्यांकडे बोट दाखवितो, हे कसे? त्यांना समजावून द्यावे, की न्यायालयापुढे प्रश्न होता, 'याच दोघांनी मारले, हे निःसंशय सिद्ध झाले काय?' आयोगापुढचा प्रश्न होता, 'मृत्यू कसा घडला?' प्रश्न भिन्न, म्हणून उत्तरेही भिन्न. या फटीतूनच कटाच्या कथा उगवतात.

आपल्यापैकी अनेकांच्या मनात आजही शल्य आहे, माझ्याही आहे. परंतु शल्य म्हणजे पुरावा नव्हे. 'अमक्यानेच घडविले' असे आपण वर्गात ठासून सांगितले, तर उद्या आपल्यावर कोणी निराधार आरोप केल्यास पुरावा मागण्याचा आपला अधिकार उरेल काय?

आपल्या जिल्ह्यात हा पाठ देणे सोपे आहे. रझाकारांच्या काळातील आठवणी येथे घरोघरी आहेत. मुलांना एकच प्रसंग तीन वृद्धांकडून लिहून आणावयास सांगा. वहीत तीन रकाने आखा : पाहिलेले, ऐकलेले, तर्क केलेले. मग त्याच रकान्यांत मोगलसरायची घटना मांडा. कोणता रकाना भरतो आणि कोणता रिकामा राहतो, हे मुले स्वतःच ओळखतील.

२०१८ मध्ये त्या स्थानकाला दीनदयाळजींचे नाव मिळाले. त्यांच्या स्मृतीचा खरा सन्मान मात्र सत्याशी प्रामाणिक राहणारी पिढी घडविण्यात आहे. ते काम आपल्या हाती आहे.