सणांचीं नांवें आणि इंग्रजी उपपदें

इंग्रजी भाषेंतील सर्वांत लहान शब्दच मराठी माणसाला सर्वांत जड जातात. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकलेल्या पिढ्यांना मोठमोठे शब्द तोंडपाठ असत. पण 'द' कोठें घालावा आणि कोठें गाळावा, हा प्रश्न आला कीं लेखणी अडखळे. आजहि दिवाळीवरील शालेय निबंधांत 'वुई सेलिब्रेट द दिवाली' हें वाक्य आढळतें. येथें 'द' नको, असें शिक्षक सांगतात. कां नको, हें मात्र बहुधा सांगावयाचें राहून जातें.

ही चूक केवळ अज्ञानांतून होत नाहीं. तिच्यामागें एक सरळ तर्क असतो. गंगा, हिमालय, रामायण या तिन्ही नांवांपूर्वीं इंग्रजींत 'द' येतो. मग दिवाळीनेंच काय घोडें मारलें आहे, असें विद्यार्थ्याला वाटतें. परंतु 'द' हा मानाचा शब्द नव्हे. नद्या, पर्वतांच्या रांगा आणि धर्मग्रंथ यांपूर्वीं तो रूढीनें येतो. सणांची रूढि निराळी आहे. सणाचें नांव इंग्रज माणूस व्यक्तीच्या नांवासारखें वापरतो. म्हणून 'ॲट ईस्टर', 'फॉर दिवाली', 'आफ्टर ईद' एवढेंच पुरे.

मात्र त्या नांवाशेजारीं एखादें सामान्यनाम येऊन बसलें, कीं न्याय बदलतो. 'द दिवाली हॉलिडेज' किंवा 'द फेस्टिव्हल ऑफ होली' यांतील 'द' सणाचा नसून सुटीचा वा उत्सवाचा आहे. 'ख्रिसमस ईव्ह', 'इंडिपेंडन्स डे' हीं मात्र अखंड नांवेंच मानलीं जातात; तीं उपपदावांचून राहतात. उलट अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन तारखेनें ओळखला, तर 'द फोर्थ ऑफ जुलै' असेंच म्हणावें लागतें.

ही रीत युरोपांतील सर्वच भाषांची नाहीं. पोर्तुगीज भाषेंत 'नाताल' या शब्दाला उपपद लागतें. तोच शब्द पोर्तुगीजांकडून मराठींत येऊन 'नाताळ' झाला. उपपद मात्र मागेंच राहिलें, कारण मराठीच्या पंगतींत त्याच्यासाठीं पाट मांडलेलाच नव्हता.

खरें मर्म पुढेंच आहे. सण दरवर्षीं तोच येतो, आणि तरीहि कोणत्याहि दोन वर्षीं तो तोच नसतो. असंख्य वर्षांतून एकच वर्ष वेगळें काढावयाचें असेल, तर उपपद हवेंच. 'द ख्रिसमस ऑफ १९१४' म्हटलें, कीं खंदकांतून बाहेर येऊन शत्रूशीं हस्तांदोलन करणारे ब्रिटिश व जर्मन सैनिक डोळ्यांपुढें उभे राहतात. 'द दिवाली ऑफ १९४७' म्हटलें, कीं १२ नोव्हेंबरचा तो दिवस आठवतो. कुरुक्षेत्राच्या छावणींतील निर्वासितांकडे गांधीजींना जातां आलें नाहीं; म्हणून दिल्लीच्या नभोवाणी केंद्रांत जाऊन त्यांनीं त्यांना उद्देशून भाषण केलें. असा दिवस नुसत्या 'दिवाली' या शब्दांत मावत नाहीं.

'अ' या उपपदाचेंहि असेंच आहे. ज्या घरांत दुःखाला अद्याप वर्ष लोटलेलें नाहीं, त्या घरचें पत्र 'इट वॉज अ क्वाएट दिवाली' असें सांगून थांबतें. अनेक दिवाळ्यांपैकीं ही एक निराळी होती, हें तो एकाक्षरी शब्द सुचवितो. वाचणाऱ्याला अधिक विचारावें लागत नाहीं.

मराठींत उपपद नाहीं, पण ही जाणीव नाहीं असें नव्हे. 'त्या दिवाळीला आजोबा होते' असें म्हणणारी गृहिणी 'द' चेंच काम 'त्या' कडून करून घेते. इंग्रजी 'द' हाहि मुळांत एका जुन्या दर्शक सर्वनामाचाच वंशज आहे. म्हणून संशय पडेल तेथें वाक्य आधीं मराठींत म्हणून पाहावें. 'दिवाळीला मुलगा घरीं येतो' यांत 'त्या' खपत नाहीं. तेथें 'द' हि नको. जेथें 'ती दिवाळी' असेंच म्हणावेंसें वाटतें, तेथें 'द' निःशंक घालावा. व्याकरणाचें पुस्तक हाताशीं नसतांहि ही कसोटी बहुधा दगा देत नाहीं.