एकेक डोळा झाकून बघा

अंगणवाडीत चार वर्षांची एक मुलगी तपासायला होती. चित्रांचा तक्ता धरला: सफरचंद, घर, गोल, चौकोन. पठ्ठी पटापट सांगत होती. डावा डोळा झाकला, तरी सांगितलं. उजवा झाकला, तर तिनं माझा हात ढकलला. पुन्हा झाकला, पुन्हा ढकलला. आई म्हणाली, "हट्टी आहे हो ती." पण हा हट्ट नव्हता. डाव्या डोळ्यानं तिला धड दिसतच नव्हतं, आणि हे तिलाही ठाऊक नव्हतं.

लहान मूल तक्रार कशी करणार? सगळ्यांना असंच दिसत असेल, असं त्याला वाटतं. एका डोळ्याचा नंबर जास्त असला किंवा तो तिरळा असला, की मेंदू त्याचं चित्र बाजूला सारून दुसऱ्यावरच भागवतो. याला म्हणतात आळशी डोळा. नाव अन्यायाचंच; डोळा बिचारा आळशी नसतो, त्याला काम मिळत नाही. आणि तिरळं मूल नशीबवान असतं, असं सांगणारी आजीही भेटते! चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी, एवढ्यानं बहुतेकांची नजर सुधारते. पण ते साधारण सात वर्षांच्या आत. पुढे अवघड होत जातं. म्हणजे पहिलीत फळा दिसेना झाल्यावर धावपळ केली, तर बराच वेळ गेलेला असतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३पासून अंगणवाडीत वर्षातून दोनदा मोफत तपासणी ठरलेली आहे. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. पण पथकाला वजन, दात, कान, हृदय सगळंच बघायचं. डोळ्यांच्या वाट्याला किती वेळ येणार? खासगी बालवाडीतली मुलं तर यात येतच नाहीत. म्हणून मागणी अशी, की तीन ते पाच वर्षांच्या प्रत्येक मुलाचा एकेक डोळा वेगळा तपासावा, फुकट. आणि चष्माही फुकट द्यावा. मोडला, तर दुसराही. नुसता नंबर लिहिलेला कागद घेऊन आईनं काय करायचं?

एका गोष्टीसाठी मात्र तपासणीपर्यंत थांबू नका. डोळ्याची बाहुली पांढरी दिसली, किंवा फ्लॅशच्या फोटोत एकच डोळा पांढरा चमकला, तर लगेच डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या.

त्या मुलीला आता चष्मा आहे. आई भाकऱ्या थापते तेव्हा ती पट्टी लावून शेजारी मणी ओवत बसते. पट्टी काढून टाकते म्हणून रोज भांडण होतं, ते वेगळं.