आधी डावीकडे पाहा
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आज आम्ही आपणांपुढे रस्त्याविषयी बोलणार आहोत. विषय किरकोळ वाटेल. परंतु मागील उन्हाळ्यात आमच्यापैकी एकाचे वडील नागपूरहून आले, फुटपाथवरून खाली उतरताना त्यांनी सवयीप्रमाणे प्रथम उजवीकडे पाहिले आणि डावीकडून आलेली मोटार हातभर अंतरावर थांबली. आयुष्यभर नागपूरच्या रहदारीत सायकल चालविलेला तो माणूस त्यानंतर आठ दिवस घराबाहेर पडला नाही. दोष त्यांचा नव्हता. भारतात वाहने डाव्या बाजूने धावतात, जर्मनीत उजव्या. म्हणून येथे पहिली नजर डावीकडे जावयास हवी, हे विमानतळावरच आम्ही त्यांना सांगावयास हवे होते. फुटपाथलगतचा सायकलींचा पट्टाही दाखवावयास हवा होता. आपली मंडळी नेमकी तेथेच गप्पा मारीत उभी राहतात.

पाहुण्यांना गाडी चालवावयाची असेल, तर भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना किंवा जर्मन भाषांतर बाळगावे. येथे वास्तव्यास आलेल्यांचा भारतीय परवाना मात्र सहाच महिने चालतो; नंतर लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. कित्येकांना हे सातव्या महिन्यात कळते!

जेथे फलक वा सिग्नल नाही, त्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला. आपल्याकडे मोठ्या गाडीला आणि मोठ्या हॉर्नला वाट मिळते. येथे उजवीकडून साधी सायकल आली, तरी आलिशान मोटारीने थांबावयाचे. हा नियम आम्हांस मनापासून आवडतो.

ऑटोबानवर सरसकट वेगमर्यादा नाही हे खरे. तरी ताशी १३० किलोमीटरची शिफारस आहे आणि अनेक टप्प्यांवर मर्यादेचे फलक आहेत. वाहतूक तुंबू लागताच सर्वांत डावीकडील रांगेने डावीकडे व इतरांनी उजवीकडे सरकावे. मधल्या वाटेने रुग्णवाहिका जाते. बारा वर्षांखालील आणि १५० सेंटीमीटरहून कमी उंचीच्या मुलांस मोटारीत त्यांचे वेगळे आसन सक्तीचे आहे. नातवाला मांडीवर घेता येत नाही म्हणून आजी रुसेल. रुसू द्यावे.

घरी आलेल्या वडीलधाऱ्यांच्या खिशात पत्त्याची चिठ्ठी ठेवावी, तीवर रुग्णवाहिकेसाठी ११२ आणि पोलिसांसाठी ११० हे क्रमांक ठळक लिहावेत. ते नागपूरचे आजोबा अशी चिठ्ठी घेऊनच नवव्या दिवशी बाहेर पडले. परतीच्या विमानापर्यंत ते रोज एकटे पाव आणावयास जात; कोपऱ्यावर थांबत आणि आधी डावीकडे मान वळवीत.