अधिकारपद आणि निवाडा
(महाजनांच्या सभेत दिलेले व्याख्यान)



देवस्थान समितीची निवडणूक दर तीन वर्षांनी होते आणि अध्यक्षाच्या आसनावर नवा पुरुष बसतो. हिशेब, उत्सव, डागडुजी ही कामे सुरळीत चालतात. खरी कसोटी लागते ती मानपानाचा वाद निघाला म्हणजे. कारण त्या वादात पुष्कळदा अध्यक्षाचे घराणेच एक पक्ष असते. अशा वेळी त्याने त्या आसनावर बसून निवाडा करावा काय?

पेडण्याच्या एका सुपुत्राने या प्रश्नाचे उत्तर राज्यकारभारात देऊन ठेवले आहे. श्री. दयानंद बांदोडकर, अर्थात भाऊसाहेब, यांचा जन्म १२ मार्च १९११ रोजी पेडणे येथे झाला. खाण व्यवसायात नाव मिळवून ते डिसेंबर १९६३ मध्ये गोवा, दमण व दीवचे पहिले मुख्यमंत्री झाले. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा, ही त्यांच्या पक्षाची प्रतिज्ञाच होती. जनमत कौल घेण्याचे ठरले तेव्हा विरोधकांनी आक्षेप घेतला की, एका पक्षाचा पुढारी सत्तेवर असता कौल निःपक्षपाती व्हावयाचा नाही. भाऊसाहेबांच्या मंत्रिमंडळाने डिसेंबर १९६६ मध्ये राजीनामा दिला.

१६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. विलीनीकरणाचे चिन्ह फूल, संघप्रदेशाचे दोन पाने. फुलाला १,३८,१७० मते पडली, दोन पानांना १,७२,१९१. पेडणे, डिचोली, सत्तरी या भागांनी फुलाला भरभरून मते दिली, तरी ३४,०२१ मतांनी फूल हरले. सत्ता सोडली नसती तर निकाल फिरला असता, अशी हळहळ तेव्हा कित्येकांस वाटली असेल. परंतु तसा मिळवलेला विजय दुसऱ्या बाजूने मनापासून मानला असता काय?

पुढील नवल असे की, ज्या मतदारांनी त्यांचे म्हणणे नाकारले, त्यांनीच मार्च १९६७ च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाला बहुमत दिले. ५ एप्रिल रोजी भाऊसाहेब पुन्हा मुख्यमंत्री झाले आणि जो संघप्रदेश राहू नये म्हणून ते झटले, त्याचाच कारभार त्यांनी १२ ऑगस्ट १९७३ रोजी देह ठेवीपर्यंत सांभाळला. खेड्यापाड्यांत शाळा पोहोचल्या त्या याच काळात.

त्यांचा कारभार निर्दोष होता असे म्हणणे मात्र सत्यास धरून होणार नाही. १९७० मध्ये स्वपक्षातील काही आमदारांनी एकतंत्री कारभाराचा ठपका ठेवून बंड केले, आणि सरकार तरले ते विरोधी बाकांवरील काही सदस्यांच्या आधाराने. वास्तविक घरचे लोक बिथरण्यापूर्वी त्यांचे गाऱ्हाणे ऐकावयास हवे होते.

आपल्या सभेपुढेही मानपानाचे विषय येतील. ज्या अध्यक्षाच्या घराण्याचा संबंध असेल, त्याने तो विषय संपेपर्यंत आसन दुसऱ्या निःसंबंधित महाजनाकडे द्यावे, आणि तसे इतिवृत्तात लिहून ठेवावे.