यंत्राचे बियाणे राखून ठेवा
(सिरसाळा येथील बैठकीतील भाषण)



तिफणीचा फण मोडला तर गावातला सुतार नवा बसवून देतो. जिनचा पट्टा तुटला, रोलर झिजला तर परळी-माजलगावहून मिस्त्री येतो. लोखंडाचे दुखणे डोळ्यांना दिसते. पण जिनिंग-प्रेसिंगच्या बऱ्याच कारखान्यांत आता लोखंडाला हुकूम देणारी एक पेटी असते. तिला पीएलसी म्हणतात. कोणती मोटर आधी सुरू व्हायची, प्रेसचा दाब कुठे थांबायचा, हे तिच्यात लिहिलेले असते. त्या लिखाणाला प्रोग्रॅम म्हणतात.

फेब्रुवारी २००० मध्ये केंद्र सरकारने कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू केले. त्यात अनुदान मिळून पुष्कळ कारखाने सुधारले. त्या काळातली यंत्रे आता म्हातारी झाली. लोखंड अजून चालेल, पेटीची खात्री नाही.

कारण साधे आहे. अनेक जुन्या पेट्यांत प्रोग्रॅम एका लहान बॅटरीच्या जोरावर टिकून असतो. कारखाना चालू आहे तोवर वीज आहे. हंगाम संपला, मेन स्विच बंद झाला, की उन्हाळा-पावसाळा सारा भार बॅटरीवर. ती संपली की दिवाळीला पेटीची पाटी कोरी! लोखंड धडधाकट आणि कारखाना बंद.

त्याचा भुर्दंड कोणाला? दारात कापसाच्या गाड्या थांबतात. गाडीभाडे आपले, वाळून घटलेले वजन आपले, पडलेला भावही आपलाच.

विक्रेता म्हणेल, सगळेच नवे घ्या. मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ ला विंडोज एक्सपीच्या दुरुस्त्या थांबवल्या, हे खरे. पण जुन्या पेटीशी बोलणारा प्रोग्रॅम पुष्कळदा तसल्याच जुन्या संगणकावर चालतो. म्हणून तो संगणक भंगारात घालू नका, आणि इंटरनेटलाही जोडू नका. जून २०१७ मध्ये युक्रेनमधून निघालेल्या संगणकी विषाणूने आपल्या न्हावा-शेवा बंदरातले मर्स्क कंपनीचे टर्मिनल बंद पाडले होते. लागण कुठून येईल सांगता येत नाही.

तुमच्यापैकी कोणी उत्पादक कंपनी काढून जुनी जिनिंग किंवा डाळमिल घेणार असतील, त्यांनी सौद्याच्या कागदावर चार गोष्टी लिहून घ्याव्यात. प्रोग्रॅमची नक्कल. त्याचा पासवर्ड. पेटीला जोडायची केबल आणि चालता संगणक. बॅटरी बदलल्याची तारीख. बॅटरी बदलताना पेटीची वीज चालू ठेवायची की नाही, हे कंपनीच्या पुस्तकात पाहूनच हात घालावा.

ज्वारीची निवडक कणसे बियाण्यासाठी वेगळी काढायची, ही आपल्या आयांची रीत. सगळे दळून खाल्ले तर पेरणीला दुसऱ्याच्या दारात उभे राहावे लागते. प्रोग्रॅमची नक्कल तशीच दोन ठिकाणी ठेवा. एक कारखान्यात, एक बाहेर.

हंगाम सुरू होण्याआधी आपापल्या जिनिंगवर जा आणि एवढेच विचारा: बॅटरी कधी बदलली? नक्कल कुठे आहे?